पाय बघून अंथरूण

गेल्या महिन्यात कोल्हापूरच्या मंडईत एका बाईंनी मला भर गर्दीत अडवलं. हातात कोथिंबिरीची जुडी, आणि आवाज असा की शेजारचा कांदेवाला वजन करायचा थांबला.

"तुमीच न्हवं आमास्नी चुन्यात झोपवलेलं?"

सत्तरी ओलांडलेल्या माणसानं मंडईत अशा प्रश्नाला काय उत्तर द्यावं? मी इकडंतिकडं बघितलं. बाई मात्र खुशीत होत्या. "धा जणं व्हतो आमी. सासूबाई तर देवाचं नाव घेत आडव्या झालत्या. सगळी गल्ली बघायला आलती की!" मग मला ओळख पटली. मंगळवार पेठेतलं त्यांचं घर मी काढलं होतं. घर कसं आहे, म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "झकास हाय. कुणाचं डोस्कं कुठं आपटत न्हाई."

माझ्या धंद्यात ह्याच्यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र नाही. ते ऐकून मी नको असलेली मेथीही घेऊन घरी आलो.

मी घरं बांधली नाहीत. घरं गवंडी बांधतात. मी घरांचे प्लॅन काढले. डिप्लोमा घेऊन बाहेर पडल्यावर, चौसष्ट-पासष्टच्या सुमाराला, लक्ष्मीपुरीत एका माडीवर टेबल मांडलं आणि पंचवीस वर्षं त्याच्यावर वाकून काढली. लोकांना वाटतं ह्या कामाला गणित लागतं. लागतं, पण थोडकं. भिंत किती जाडीची, स्लॅबला सळई किती, हे पुस्तकात लिहिलेलं असतं. पुस्तकात नसतो तो एकच प्रश्न, आणि सगळा धंदा त्याच्यावरच चालतो: ह्या कुटुंबाला राहायला जागा किती लागते?

गिऱ्हाईक ह्याचं उत्तर खणांत द्यायचं. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. "वडलांचं घर पाच खणांचं. मला सात खणांचं पायजे." सातच का? तर भावकीतल्या कुणीतरी सहाचं बांधलेलं असायचं. म्हणजे घरात माणसं किती हा विचारच नाही, भावकीच्या छातीवर किती खण ठेवायचे हा विचार. दुसरं टोक शिक्षक आणि कारकून मंडळींचं. "साहेब, दोन खोल्या बास. आम्हाला काय लागतं?" असं म्हणायचे आणि मग त्या दोन खोल्यांत मुलीचं बाळंतपण, गावाकडचे पाहुणे, शिकायला आलेला पुतण्या आणि सासऱ्यांचा दमा असं सगळं बसवून मागायचे.

माझं पहिलं घर अशाच एका गुरुजींचं. हायस्कुलात होते, अंगानं भरदार. मी प्लॅन काढला, निळा प्रिंट करून आणला, त्यांच्यापुढं उलगडून तासभर समजावला. गुरुजी प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. शिक्षकाला समजलं नाही तर तो तसं कधीच म्हणत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. घर उभं राहिलं. गुरुजींच्या पत्नीचा लग्नातला शिसवी पलंग आत नेऊन ठेवला, आणि दार त्याच्या पायाला अडून निम्मंच उघडू लागलं. पलंग दुसरीकडं बसेना, दार बाहेर उघडावं तर बाहेर मोरी. गुरुजी जन्मभर त्या खोलीत तिरके होऊन शिरले. मला कधी एका शब्दानं बोलले नाहीत, पण रस्त्यात भेटले की मुद्दाम जरा तिरके व्हायचे आणि हसायचे. त्यापेक्षा चारचौघांत शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या घराचे गवंडी होते इब्राहिम मिस्त्री. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे. लिहिता-वाचता जेमतेम यायचं, पण डोळ्यात ओळंबा, भिंत केसभर कलली तरी दिसायची. पलंगाचा गोंधळ झाला त्या दिवशी ते विडी विझवून मला म्हणाले, "सायेब, कागदावर कुणाचा गुडघा आपटत न्हाई. जिमिनीवर आपटतोय."

ते वाक्य मला झोंबलं आणि कामालाही आलं. दुसऱ्या घरापासून मी फक्की धरली. फक्की म्हणजे चुन्याची भुकटी, मैदानावर खो-खोच्या रेघा मारतात तीच. प्लॉट साफ करायचा, खुंट्या ठोकायच्या, दोरी ताणायची आणि मिस्त्रींनी डब्यातून फक्की सोडत सगळं घर जमिनीवर खऱ्या मापानं काढायचं. दाराच्या जागी रेघ तोडायची. मग एक रविवार ठरवायचा. त्या दिवशी घरातल्या सगळ्यांनी अंथरूण-पांघरूण, ताटं, स्टोव्ह, खुर्ची, पलंग असेल तर पलंग, असं घेऊन यायचं आणि त्या रेघांच्या आत दिवस काढायचा. स्वयंपाकाच्या खोलीत स्वयंपाक, पंगत जिथं बसणार तिथं पंगत, आणि जेवण झालं की ज्यानं-त्यानं रात्री जिथं झोपणार तिथं जाऊन आडवं व्हायचं. भिंतीवरून चालायचं नाही, दारातूनच जायचं.

लोक हसायचे. पहिल्या वर्षी माझं नाव 'चुनेवाले' पडलं. पण गंमत अशी की तासाभरात माणसं रेघ विसरायची आणि खरंच घरात असल्यासारखी वागायची. सासू सुनेला म्हणायची, "दार लोट, वारं येतंय." सून उठून मोकळ्या हवेत दार लोटायची.

ह्यात एक अडचण होती, ती गवंड्यांना माहीत असते. मोकळ्या जागेत चुन्याची खोली नेहमी लहान दिसते. दहा बाय दहाच्या चौकोनात उभा राहिलेला माणूस वर आभाळाकडं बघतो आणि ओरडतो, "सायेब, ह्यात तर म्हस बसायची न्हाई!" मग फूट वाढव, दोन फूट वाढव सुरू होतं. मी ऐकायचो नाही. "बसा, जेवा, झोपा, मग बोला," एवढंच म्हणायचो. आडवा झालेला माणूस खरं बोलतो.

अंथरूण बघून पाय पसरावेत, असं आपल्यात म्हणतात. मी गिऱ्हाइकांना सांगायचो, ती म्हण घर झाल्यावरची. घर व्हायच्या आधी उलटं करायचं. आधी पाय बघायचे, मग अंथरूण घालायचं. पाय बघून अंथरूण घालणं हाच आपला धंदा. हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलंय की माझ्या बायकोला पाठ झालं. आम्ही स्वतः पुढची अठरा वर्षं शुक्रवार पेठेत भाड्याच्या दोन खोल्यांत राहिलो. ती चहा देता देता म्हणायची, "लोका सांगे ब्रह्मज्ञान!" पुढचं कोरडे पाषाण ती म्हणायची नाही, फक्त माझ्याकडं बघायची.

शिरोलीला एमआयडीसीत फाउंड्री काढलेले एक आण्णा आले होते. मोठा माणूस, मोठा आवाज. "हॉल तीस फुटी पायजे. पावणं आलं की तोंड उघडं टाकून बसलं पायजेत." मी म्हटलं, काढू. रविवार आला. आण्णा चुन्याच्या हॉलच्या मधोमध खुर्ची टाकून बसले. बाकीची घरातली अकरा माणसं आठ बाय दहाच्या स्वयंपाकघरात दाटीवाटीनं, मांडीला मांडी लावून. हॉलमध्ये आण्णांच्या सोबतीला गल्लीतलं एक कुत्रं. तासभर त्यांनी कळ काढली. मग ओरडले, "अरे कुणीतरी हिकडं या की!" आतून हसण्याचा आवाज आला, माणूस कुणी आलं नाही. शेवटी आण्णा उठले, स्वतःची खुर्ची उचलली, आणि बरोबर दारातून स्वयंपाकघरात गेले.

मिस्त्रींनी माझ्याकडं बघितलं. मी हॉलची रेघ आठ फूट आत घेतली आणि ती आठ फूट स्वयंपाकघराला दिली. आण्णा ते बघत होते. फक्त पुढं गॅलरी जरा रुंद ठेवा म्हणाले, म्हणजे रस्त्यावरनं दिसेल. ठेवली. माणसाला थोडा रुबाबही राहायला लागतो, त्यालाही जागा द्यावी लागते.

अशा गोष्टींनी माझा आत्मविश्वास फार वाढला होता. घर बघितलं की मला वाटायचं, आपल्याला ह्यातलं सगळं कळतं. तेव्हाच हुपरीचं काम आलं.

हुपरी म्हणजे चांदीचं गाव. एस्टीतून उतरलं की घराघरातून बारीक ठोकठोक ऐकू येते. पैंजण तिथं कारखान्यात होत नाही, घरात होतं. एक जण तार ओढतो, दुसरा कड्या जोडतो, बायका घुंगरं बसवतात. जिथं दिवसा काम, तिथंच रात्री अंथरूण. बापूसो तिथल्या एका जैन घराण्यातला, चाळिशीचा, आडव्या बांध्याचा, मोकळ्या मनाचा आणि सदा घाईत. घरात तो, त्याची बायको कमलवहिनी, दोन मुलगे, एक मुलगी आणि आक्का.

आक्का म्हणजे बापूसोची थोरली बहीण. विशीत नवरा गेला, माहेरी परत आली आणि दाराजवळच्या उजेडात घुंगरं बसवायला बसली, ती बसलीच. ठेंगणी, बारीक अंगाची. समोर चांदीचं ताट, हातात चिमटा, आणि बोलणं कमी. बापूसोनंच मला अभिमानानं सांगितलं, "आक्काच्या हातचं घुंगरू पैंजण झिजलं तरी सुटत न्हाई सायेब. आमचं नाव तिच्या बोटांवर हाय."

प्लॉट तीस बाय चाळीसचा. पुढं कामाची जागा, मग बसायची खोली, स्वयंपाकघर, मुलांना दोन खोल्या, "उद्या लग्नं व्हतील त्येंची." मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला, रात्री कोण कुठं झोपतं? बापूसोनं बोटांवर मोजत सगळी माणसं सांगितली. एक राहिलं होतं.

"आणि आक्का?"

"आक्काचं काय सायेब, ती कुठंबी पडती."

आक्कानंही चिमट्यावरची नजर न काढता मान हलवली. "व्हय. माझं काय, कुठंबी."

हा 'कुठंबी' मला नवा नव्हता. बहुतेक प्रत्येक घरात एक माणूस कुठंबी झोपणारं असतं. कधी विधवा आत्या, कधी लग्न न झालेला काका, कधी म्हातारी आई. घरातल्या सगळ्यांची जागा सांगून झाली की शेवटी त्याचं नाव निघतं, आणि ते माणूस स्वतःच आधी म्हणतं की माझं काही नाही. मला हे ठाऊक होतं, आणि ठाऊक असल्याचा मला गर्वही होता. म्हणून मी आक्काला जागा काढायचीच असं ठरवलं आणि काढली. जिन्याखाली.

गच्चीवर जायचा जिना घरातूनच होता. त्याच्या पहिल्या चार पायऱ्या भरीव, त्यामुळं खाली रिकामी लांबी उरत होती साडेचार फूट, रुंदी साडेतीन. आक्का ठेंगणीच आहे, तिला पुरेल, असं मी नजरेनं ठरवलं. माणूस नजरेनं मोजायचं नाही हा माझाच नियम. पण त्या प्लॅनमध्ये एक इंच वाया जात नव्हता आणि मी त्या प्लॅनच्या प्रेमात पडलो होतो. कामाच्या जागेची भिंत दोन फूट पुढं घेतली असती तर आक्काची नीट खोली झाली असती. मला ते दिसत होतं. पण बापूसोनं माझ्या पाठीवर थाप मारली, "वा सायेब, आक्कालाबी घर झालं!" आणि मी खूश झालो.

रविवारी सगळे चुन्यात आले. कमलवहिनी उघड्यावर आडव्या व्हायला लाजत होत्या, त्यांच्यापुढं मुलीनं चादर धरली. मुलगे आपापल्या खोलीत झोपायचं सोडून कुस्ती खेळत होते. आक्का सगळ्यात शेवटी आली, काखेत तिची वाकळ. जिन्याखालच्या चौकोनात तिनं ती अंथरली आणि कुशीवर झाली.

तिचे पाय रेघेच्या बाहेर आले, चांगले वीतभर. टाचांना भेगा होत्या आणि त्या भेगांत चुना भरला होता.

मी बघतोय हे आक्काला कळलं. तिनं पटकन गुडघे पोटाशी घेतले. "बसतंय की सायेब. मला सरळ झोपायची सवयच न्हाई."

"झालं तर मग," मी म्हणालो, आणि वहीत तिच्या नावापुढं बरोबरची खूण केली.

ती खूण मी का केली ह्याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. दुसऱ्या कुणाचे पाय बाहेर आले असते तर मी रेघ सरकवली असती. फाउंड्रीवाल्या आण्णांशी मी आठ फुटांसाठी भांडायला तयार होतो. पण इथं भांडायला समोर कुणीच नव्हतं. जिचे पाय तीच बसतंय म्हणत होती, आणि मला ते सोयीचं होतं.

परतीच्या एस्टीत मिस्त्री म्हणाले, "सायेब, चुन्याला उंची नसत्या."

"म्हणजे?"

"जिन्याखालनं उठताना माणसाचं डोस्कं पायरीला आपटतंय. आन् ती बाई आखडून झोपली."

मला राग आला. चूक दाखवली की मला तेव्हा यायचाच. "मिस्त्री, तुमचं काम भिंतीचं. माणसं मी बघतो." मिस्त्री खिडकीबाहेर बघायला लागले.

घर झालं. वास्तुशांतीला गाव लोटलं. जिन्याखालच्या त्या जागेचं कौतुक मी स्वतः चार जणांना केलं.

पुढं सात-आठ वर्षं गेली. एक दिवस बापूसो माडी चढून आला, कानाजवळचे केस पिकलेले, घाई तीच. "थोरल्याचं लगीन ठरलंय. शेजारची पट्टी घेतल्या. कामाची जागा तिकडं न्हेऊ, पोराला खोली काढू. या मापं घ्यायला."

गेलो. आक्का दारातच होती, चष्मा लागलेला, समोर तेच ताट. जुन्या घराची मापं पुन्हा घ्यायची म्हणून मी टेप घेऊन एकेका खोलीत शिरलो आणि शेवटी जिन्याखाली वाकलो. वाकळ नीट घडी घालून ठेवलेली, एक पत्र्याची ट्रंक, खुंटीला लुगडं. माप वहीत लिहिलं, उठलो, आणि खाडकन कपाळ पायरीवर आपटलं. डोळ्यापुढं काजवे.

दारातून आक्काचं हसू ऐकू आलं. "लागलं व्हय? उठताना मान उजवीकडं कलती करायची सायेब. मलाबी पैलं वरीसभर लागत व्हतं."

मी कपाळ चोळत तिथंच खाली बसलो. तेव्हा समोरची भिंत दिसली. पांढऱ्या सफेतीवर दोन काळपट डाग होते, तळपायाएवढे, शेजारी शेजारी. कमलवहिनी पाणी घेऊन आल्या, त्यांनी माझी नजर बघितली. "दरसाल सफेती करतोय, तरी उठत्यात परत," त्या म्हणाल्या. "आक्काचं पाय टेकत्यात तिथं."

मी टेप लावून बघितलं. साडेचार फूट. काम चोख झालं होतं, इंचभरही इकडंतिकडं नाही. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. गुरुजी तिरके होऊन शिरत होते ती माझी अडाणीपणाची चूक होती. ही शहाणपणाची होती.

कोल्हापुरात उतरलो तो तडक मिस्त्रींच्या घरी गेलो. त्यांनी काम सोडलं होतं, गुडघे गेले होते. माझ्या कपाळावरचं टेंगूळ बघून त्यांनी विचारलं, "हुपरी?"

"हुपरी."

ते खोकला येईपर्यंत हसले. मग म्हणाले, "तवा बोललो व्हतो की म्या." मी म्हणालो, चुकलं माझं. असं त्यांना मी पहिल्यांदाच म्हणत होतो. त्यांनी गुडघा चोळला. "फक्की मारायला मी येतो. गुडघं दुखंनात का."

दुसऱ्या रविवारी आम्ही दोघं नव्या पट्टीवर उभे होतो. बापूसो घाईत होता. "पैली पोराच्या खोलीची रेघ मारा. लगीन तोंडावर आलंय."

"पहिली रेघ आक्काच्या खोलीची," मी म्हणालो.

"आक्काला हाय की जागा."

"बापूसो, पहिली रेघ आक्काची. नाहीतर प्लॅन दुसऱ्याकडनं काढून घ्या."

बापूसो चिडला. "आसं कसं बोलतासा सायेब? एवढ्या वर्सांत आक्कानं कधी तक्रार केल्या काय?"

"म्हणूनच. आणि चूक तुमची नाही, माझी आहे. चला आत."

मी त्याला जिन्यापाशी नेलं आणि म्हणालो, आडवे व्हा. तो माझ्याकडं बघतच राहिला. पण माझ्या चुन्याच्या रविवारची त्याला सवय होती, मी सांगितलं की झोपायचं. तो त्या जागेत शिरला. एवढा आडवा माणूस, कुशीवर होईना, उताणा होईना. शेवटी गुडघे हनुवटीशी घेऊन पडला. त्याचे पाय भिंतीला टेकले होते आणि त्या पायांच्या शेजारीच ते काळे डाग दिसत होते. तो ते बघत बराच वेळ तसाच राहिला.

बाहेर आला तेव्हा तोंड लाल झालं होतं. धोतर झटकत त्यानं विचारलं, "किती फूट म्हणतासा?"

"दहा बाय दहा. पूर्वेला खिडकी, म्हणजे कामाला उजेड."

"बारा करा," बापूसो म्हणाला.

मिस्त्रींनी गुडघ्यावर हात दाबत, कण्हत, पण एकही वळण न चुकवता दहा बाय बाराची खोली काढली. दाराजवळ रेघ तोडली. मग पोराची खोली, मग कामाची जागा. पोराची खोली दोन फुटांनी कमी झाली. कमलवहिनी म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे, त्येला काय कुस्ती खेळायची हाय आता?"

आक्का यायला तयार नव्हती. "मला कशाला खोली? पोराला द्या की." कमलवहिनींनी तिच्या हातातला चिमटा काढून घेतला, वाकळ उचलली आणि तिला धरूनच आणलं. दारातून आणलं, रेघेवरून नाही. वाकळ अंथरली. आक्का संकोचानं डोक्यावरचा पदर सारखा करत आडवी झाली, डोकं एका रेघेला लावून.

आणि तिनं गुडघे पोटाशी घेतले.

सगळे बघत होते. भोवती ऐसपैस जागा, आणि ती मधोमध जिन्याखाली झोपावं तशी आखडून पडलेली. मी जवळ जाऊन म्हणालो, "आक्का, पाय सोडा की."

तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. तिला माझं बोलणं कळलं नव्हतं. "सोडल्यात की सायेब."

मिस्त्रींनी हातातला फक्कीचा डबा खाली ठेवला. ह्याचं माप माझ्याकडं नव्हतं.

तेव्हा बापूसो आत आला. घाई नव्हती. आक्काच्या पायापाशी मांडी घालून बसला, दोन्ही हातांनी तिचे घोटे धरले आणि हळूहळू, दुखणार नाही अशा बेतानं, पाय सरळ करत गेला.

"आरं, पाय कशाला धरतोस?" आक्का म्हणाली. "लोकं बघाय लागल्यात."

बापूसोनं पाय सोडले नाहीत. ते पुरते सरळ झाले, तरी पलीकडची रेघ पायांपासून सात फूट लांब होती.